शेजारच्या सीटवर कोण बसणार?

आमच्या वडगाव निंबाळकरच्या पोरांना विमानाचं अप्रूप राहिलेलं नाही. बारामतीच्या विमानतळावरून उठलेली शिकाऊ विमानं कधी घिरट्या घालत इकडे येतात, तेव्हा उसाला पाणी देणारा माणूस मान वर करूनही बघत नाही. अंगणात वाळवण घालणारी बाई फार तर म्हणते, "आलं बाई भुंग्यासारखं." त्या विमानात कुणाची लेकरं बसतात, कुठून येतात, किती पैसे भरतात, हे आपण कधी विचारलंच नाही. ते आपल्यासाठी नाही, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

दिवाळी झाल्यावर आमच्या बचत गटातली एक ताई भर दुपारी माझ्याकडे आली. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली, तेव्हाच ओळखलं की काहीतरी जड आहे.

"वहिनी, पोरीनं डोक्यात घेतलंय. विमान चालवायचं म्हणते."

मी हसले. ती हसली नाही. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले. एक होतं गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर टाय लावलेली हसरी मुलगी आणि 'अठरा महिन्यांत पायलट' असा मथळा. दुसरा कागद सातबाऱ्याचा. नवरा दोन एकर द्यायला तयार झाला होता. आठ दिवसांत पहिला हप्ता भरला तर सवलत, असं फोनवरचा मुलगा सांगत होता. दिवसातून तीनदा त्याचा फोन यायचा म्हणे. आपल्या जावयाचाही येत नाही इतक्यांदा!

मैत्रिणींनो, मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली बाई. विमानातलं मला काय कळणार? पण पोरगी बारावी सायन्सला हुशार, आणि आईच्या हातात सातबारा. मग मी तिच्याबरोबर फिरले. दोन महिन्यांत जे कळलं ते इथे लिहिते आहे. आपल्या भागात विमानतळ आहे, म्हणजे हा प्रश्न आज ना उद्या आणखी कुणाच्या तरी ओसरीवर येणारच.

आधी परवान्याचं सांगते. पगार घेऊन विमान चालवायचं तर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो, त्याला सीपीएल म्हणतात. तो देते डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. वय अठरा पूर्ण हवं. आजवरच्या नियमाप्रमाणे बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत. आर्ट्स-कॉमर्सवाल्या मुलींनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन वाट काढलेली आहे. हवामान, दिशा काढण्याचं शास्त्र, नियम, विमानाची तांत्रिक माहिती अशा लेखी परीक्षा, शिवाय रेडिओवर बोलण्याची वेगळी. आणि उडायचे तास २००. त्यातले निदान १०० तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून. खर्च साधारण चाळीस ते साठ लाखांच्या घरात जातो. पुढे मोठ्या विमानासाठी 'टाइप रेटिंग' करायचं तर आणखी काही लाख, आणि तरीही नोकरीची हमी कुणीच देऊ शकत नाही. जो देतो, त्याच्यापुढून उठून यावं.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते पत्रकावरच्या पत्त्यावर, पुण्यातल्या एका ऑफिसात. नाव लिहीत नाही. काचेचं दार, एसी, टेबलावर विमानाचं खेळणं. समोरचा मुलगा फार गोड बोलत होता. लायब्ररी, हॉस्टेल, युनिफॉर्म, सगळं दाखवून झालं. ताई गप्प ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "पण हिला शिकवणार कोण?"

"आमच्याकडे बेस्ट टीम आहे मॅडम."

"तसं नव्हं. हिच्या शेजारी इमानात कोण बसणार? त्यांचं नाव काय?"

त्याला नाव सांगता आलं नाही. किती प्रशिक्षक आहेत तेही सांगता आलं नाही. "ते बेसवर कळेल," म्हणाला. ही बाई सातवी शिकलेली, पण पोरीला गणिताच्या क्लासला घालताना सर कोण, कसे शिकवतात, हे चार घरी विचारून आलेली. पन्नास लाख मागणाऱ्याला तिनं तेवढंच विचारलं, आणि मी बी.ए. असून मला ते सुचलं नव्हतं.

तिचाच प्रश्न घेऊन मग आम्ही एका ज्येष्ठ प्रशिक्षकांना भेटलो. आयुष्य शिकवण्यात गेलेला माणूस. ओळखीतून भेट मिळाली, त्यांना आमच्याकडून काही मिळायचं नव्हतं, म्हणून मोकळेपणानं बोलले. छोटं शिकाऊ विमान म्हणजे बहुतेक वेळा सेसना. त्यातल्या एका प्रकारात दोनच सीटा, शेजारीशेजारी. डावीकडे शिकणारी, उजवीकडे शिकवणारा. दोघांपुढेही नियंत्रणं असतात, आपल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी ब्रेक असतो तसं. मुलगी चुकू लागली की लगेच ओढून घेणारा प्रशिक्षक चांगला नव्हे, आणि चुकू देऊन आरडाओरडा करणारा तर नव्हेच, असं ते म्हणाले. चूक कुठवर जाऊ द्यायची आणि कुठे "आय हॅव कंट्रोल" म्हणून हातात घ्यायचं, हे ज्याला कळतं तो चांगला. खाली उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसून आज काय चुकलं ते समजावतो का, हेही बघायचं. आणि मग एक दिवस तो स्वतः खाली उतरतो आणि म्हणतो, जा, आता एकटी एक चक्कर मारून ये. तो दिवस कुठला, हे ज्येष्ठ प्रशिक्षकाच्या खात्रीवर ठरतं. आपल्या मुलीचा जीव त्या एका माणसाच्या पारखीवर असतो. "माहितीपत्रकात विमानाचा फोटो असतो, प्रशिक्षकाचा नसतो," ते म्हणाले.

आता पैशाचं. इथे जरा सावकाश वाचा.

आपण बायका भाजी घेतानाही किलोचा भाव विचारतो. मग इथे तासाचा भाव विचारायला हवा. ४५ लाख भागिले २०० म्हणजे तासाला २२,५०० रुपये. आता समजा दुसरीकडे कुणी ३८ लाख सांगितले. सात लाख वाचले की! पण २०० तासांत सगळ्यांचंच भागतं असं नाही. दर दोन महिन्यांनी प्रशिक्षक बदलला की नवा माणूस पहिले धडे पुन्हा तपासून घेतो. त्याचं चूक नाही, पण ते तास आपल्या खिशातून जातात. चार जणींनी मिळून एकच पोळी लाटायची म्हटल्यावर दुसरं काय होणार! समजा असे ३० तास जास्तीचे लागले आणि जास्तीच्या तासाला १६,००० लावले, तर झाले ४ लाख ८० हजार. अठरा महिन्यांचे छत्तीस झाले, राहण्या-जेवणाला महिना १२,००० धरा, म्हणजे वरचे २ लाख १६ हजार. ३० लाख कर्ज ११ टक्क्यांनी काढलेलं असेल तर या जास्तीच्या दीड वर्षाचं साधं व्याजच ४ लाख ९५ हजार. बेरीज करून बघा. ३८ लाखांचे ४९ लाख ९१ हजार झाले. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, पण अशी वाट बघत बसलेली मुलं आम्हाला प्रत्यक्ष भेटली. दोन वर्षांत साठ-सत्तर तास. रोज युनिफॉर्म घालायचा, हँगरजवळ बसायचं, संध्याकाळी खोलीवर परत. एकाच्या घरच्यांना अजून वाटत होतं की पोरगा रोज उडतोय.

असं का होतं? विमानं दुरुस्तीत पडलेली असतात, पाऊस-ढगात उड्डाणं बंद असतात, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे प्रशिक्षकच कमी. एअरलाइन्स जास्त पगार देतात, मग माणूस इथे टिकत नाही. शिवाय एका प्रशिक्षकाला दिवसात किती तास उडता येईल यालाही नियमाची मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी. तेव्हा संस्थेत विमानं किती असं विचारून भागत नाही. आज सकाळी उडाली किती, प्रशिक्षक किती, त्यांच्यामागे मुलं किती, आणि मागच्या वर्षी परवाना घेऊन बाहेर पडलेल्यांना सरासरी किती महिने लागले, हे विचारायचं. तोंडी उत्तर घ्यायचं नाही, कागदावर घ्यायचं.

ताई आणि मी एके ठिकाणी सकाळी सातपासून दुपारपर्यंत कुंपणाबाहेर झाडाखाली बसलो. बरोबर भाकरी-पिठल्याचा डबा. येणारे-जाणारे आम्हाला मजुरीच्या बायका समजले असतील. आम्ही मोजत होतो. सात विमानं उभी होती, त्यातली दोनच उडाली. माहितीपत्रकात मात्र सातही होती.

आणखी एक गोष्ट. उसाचा काटा कुठे आणि कसा होतो यावरून आपल्याकडे किती भांडणं होतात! इथेही काटा आहे. उड्डाणाचा तास विमान जमिनीवर स्वतःच्या ताकदीनं हललं की सुरू होतो आणि ते परत येऊन थांबलं की संपतो. म्हणजे धावपट्टीवर पुढच्याची वाट बघण्यात गेलेली दहा मिनिटंही आपल्याच हिशेबात. हे नियमानंच आहे, लबाडी नाही. पण गर्दीच्या वेळी किती मिनिटं जमिनीवर जातात ते जुन्या मुलांना विचारावं. खरी लबाडी वेगळी. २०११ साली खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक देशात पकडले गेले, आणि राजस्थानात लॉगबुकात न उडालेले तास लिहिल्याची प्रकरणं बाहेर आली. 'स्वस्तात तास भरून देतो' असं कुणी सुचवलं तर ते आपल्या लेकीला न शिकवताच हवेत पाठवणं आहे.

पावतीत १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर तिथेही थांबा. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं, की डीजीसीएच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या मान्य प्रशिक्षणाला हा कर लागत नाही. चाळीस लाखांवर सव्वासात लाखांची बाब असू शकते ही. पैसे एकदम भरायचे नाहीत, उडालेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्यानं द्यायचे, आणि मध्येच सोडावं लागलं तर परत किती मिळणार हे आधी लिहून घ्यायचं. जी संस्था यावर नाक मुरडते तिला आपले पैसे आवडले आहेत, आपली मुलगी नाही.

आता बारामतीचं. इथे कार्व्हर आणि रेडबर्ड या दोन संस्थांनी प्रशिक्षण दिलेलं आहे. घराजवळ आहे म्हणून तिथेच घालावं का? तर जवळ असण्याचा फायदा एवढाच की आपण जाऊन बघू शकतो, जुन्या मुलांना भेटू शकतो. तेवढ्यावर निवड करू नये. आणि भीतीचंही बोलायला हवं. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान कोसळलं. त्यात एकटीच मुलगी होती, थोडक्यात वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बारामतीच्या परिसरात चार दिवसांत दोन अपघात झाले आणि डीजीसीएनं त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं. आपल्या पोटात गोळा येणारच. पण भीती वाटते म्हणून मुलीला घरी बसवायचं, की भीती वाटते म्हणून विमानांच्या देखभालीचं, मागच्या अपघातानंतर काय बदललं याचं उत्तर मागायचं? आपण पहिलं फार पटकन करतो. मुलासाठी दुसरं करतो, हेही कबूल करायला हवं.

पर्याय बारामतीबाहेरही आहेत. १९२८ साली सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब आता धुळ्याला शिकवतो. जे.आर.डी. टाटांनी १९२९ साली देशातला पहिला परवाना मिळवला, तो याच क्लबात शिकून. गोंदियाला, शिरपूरला संस्था आहेत. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते. 'महाज्योती' या राज्य सरकारच्या संस्थेनं इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलामुलींसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. अशी जाहिरात पुन्हा निघते का यावर डोळा ठेवायला हवा. सातबाऱ्याला हात लावण्याआधी ही दारं वाजवून बघावीत.

एक चांगली गोष्ट मात्र झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएनं प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली, आणि वर्षातून दोनदा ती यादी यायची आहे. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती! यावरून काय ते समजा. मला विचाराल तर एवढ्यानं भागणार नाही. प्रत्येक संस्थेत प्रशिक्षक किती, मुलं किती आणि परवाना मिळायला किती महिने लागले, हे तीन आकडे सरकारनं दर यादीबरोबर छापायला लावावेत, आणि तेही मराठीत. परीक्षा इंग्रजीत असेल, पण पैसे भरणारी आई मराठीत हिशेब करते.

आणि एक विषय, जो ताईनं सगळ्यांच्या देखत काढला नाही, परतीच्या एस.टी.त माझ्या कानाशी काढला. "वहिनी, दोघंच असत्यात वर. माणूस कसा असंल?" लाज वाटण्यासारखं यात काही नाही. २०१३ च्या कायद्यानं जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती असायला हवी. तुमच्याकडे समिती आहे का, तिच्यात कोण बाई आहे, मुलीला प्रशिक्षक बदलून मागता येतो का, हॉस्टेलला रेक्टर कोण, हे सरळ ऑफिसात बसून विचारायचं. आम्ही पुढच्या ठिकाणी विचारलं. समोरचा गृहस्थ जरा चपापला, पण त्यानं आतून एका महिला प्रशिक्षकाला बोलावलं. ती आमच्याशी अर्धा तास बोलली. तिला बघून पोरीचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही.

तसं बायकांचं उडणं नवं नाही. सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरला साडी नेसून विमान उडवलं, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि घरी चार वर्षांची लेक होती. आपल्या सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली सगळ्या महिलाच असलेल्या चमूचं विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं. आज देशातल्या वैमानिकांत सुमारे पंधरा टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. आमच्या ताईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांच्या आयांनी पैशे कुठनं आणले?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

मग आमचं काय ठरलं? त्या प्रशिक्षकांनी निघताना एक गोष्ट बजावली होती. कुठेही एक रुपया भरण्याआधी डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरकडून आधी वर्ग दोनची आणि मग वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे, कान, रक्त, रंग ओळखता येतात का, सगळं बघतात. चष्मा चालतो, पण रंगांधळेपण मोठी अडचण ठरू शकतं. हप्ता भरल्यावर हे कळलेली घरं त्यांनी पाहिली होती. सवलतीचे आठ दिवस केव्हाच संपले. गंमत म्हणजे त्यानंतरही तीच सवलत देणारे फोन येत राहिले. ताईनं तो नंबर आता उचलणं बंद केलंय.

आम्ही आधी गावातच रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन नऊ निघालं. बारावीपर्यंत पोरगी पहाटे उठून अभ्यास करत होती, शेतात हात लावत होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. आता रोज लोहाची गोळी, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी आणि लिंबू. आधी पानात सगळ्यात शेवटी बसणारी, आता आई तिला पहिल्यांदा वाढते. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, मग मेडिकल. कुठे घालायचं ते त्यानंतर. दोन संस्थांची नावं वहीत लिहून ठेवली आहेत, पुढे प्रशिक्षकांची नावं आणि तासांचे भाव.

सातबारा पुन्हा ट्रंकेत गेलाय. कुलपाची किल्ली ताईच्या कमरेला आहे.